बहामा एक देश, आफ्रिका चोपन्न: प्रबंधाच्या विषयाबद्दल एका पालकांना उत्तर

पत्र: माझी मुलगी सांगलीत एम. ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी तिने ‘अमेरिकेतील बहामियन आणि आफ्रिकन स्थलांतरितांच्या आर्थिक स्थितीची तुलना’ हा विषय घेतलाय. सर म्हणतात, आकडे घरबसल्या मिळतील. आमच्याकडचं कोणी परदेशात नाही. द्राक्षबागा, साखर कारखाने असे हाताशी असलेले विषय सोडून हे कशाला? चार महिन्यांत होईल का? आणि पुढे नोकरीचं काय?

उत्तर:

नमस्कार. चार महिन्यांत होईल, पण या मथळ्यानिशी नाही. मथळा बदलायला लागेल. त्याचं कारण आधी सांगतो, कारण विषयातली खरी अडचण तिथेच आहे. अमेरिका लांब आहे ही अडचण नाही.

बहामा हा फ्लोरिडाच्या शेजारचा बेटांचा देश. लोकवस्ती चार लाखांच्या आसपास, म्हणजे तुमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेहून कमी. १९७३ पर्यंत ब्रिटिश वसाहत, भाषा इंग्रजी, तिथला डॉलर अमेरिकी डॉलरशी एकास एक बांधलेला. बहामात जन्मलेले आणि आता अमेरिकेत राहणारे लोक तीस हजारांच्या घरात असतील, त्यातले बहुतेक फ्लोरिडात. आफ्रिकेत जन्मलेले वीस लाखांहून जास्त, आणि ते चोपन्न देशांतले. विद्यार्थी व्हिसावर आलेला नायजेरियन इंजिनिअर, केनियातल्या निर्वासित छावणीत वर्षं काढून मिनेसोटाला पोचलेली सोमाली बाई, कैरोचा औषधनिर्माता आणि नैरोबीत जन्मलेला गुजराती व्यापारी, हे सगळे अमेरिकेच्या सरकारी पाहणीच्या फायलीत ‘आफ्रिका’ या एकाच शब्दाखाली बसतात. त्यांची सरासरी काढणं म्हणजे महाबळेश्वर आणि माण तालुक्याच्या पावसाची सरासरी काढून ‘सातारा जिल्ह्यात पाऊसमान चांगलं’ असं लिहिणं.

म्हणून मथळा असा करावा: ‘अमेरिकेतील बहामा, घाना आणि सोमालियात जन्मलेल्या प्रौढांचे उत्पन्न, दारिद्र्य आणि घरमालकी’. घाना घ्यायचा, कारण तोही इंग्रजी चालणारा, १९५७ पर्यंत ब्रिटिशांकडे असलेला देश. बहामाशी बऱ्याच बाबतीत जुळतो, तेव्हा जो फरक उरेल तो बोलका असेल. सोमालिया घ्यायचा, कारण तिथले बहुतेक जण निर्वासित म्हणून आले. तीन देश पुरेत. सरांना मथळा बदलायची विनंती आत्ताच करावी. आराखडा विभागात मंजूर झाला की बदल करून घेणं जिकिरीचं होतं.

पुढचं थेट मुलीसाठी लिहितो. तिला वाचायला द्या.

तुला लागणारी फाइल मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स (IPUMS) या संकेतस्थळावर फुकट मिळते. नोंदणी करताना संशोधन कशावर आहे ते दोन-चार ओळींत लिहावं लागतं. आत अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे निवड. सेन्सस ब्युरो, म्हणजे अमेरिकेचं जनगणना खातं, दरवर्षी सुमारे पस्तीस लाख पत्त्यांवर ही पाहणी करतो. पण संशोधकांना मिळणाऱ्या एका वर्षाच्या फायलीत लोकसंख्येचा फक्त १ टक्का असतो. तीस हजारांचा १ टक्का म्हणजे ३०० बहामियन. त्यातले २५ ते ६४ वयाचे वेगळे काढले, मग बायका-पुरुष वेगळे केले, मग शिक्षणाने भागले, की एकेका रकान्यात वीस-पंचवीस माणसं उरतात. अशा रकान्यावरून काहीच म्हणता येत नाही. म्हणून पाच वर्षांची एकत्र फाइल घे, त्यात सुमारे दीड हजार मिळतील. २०१५ ते २०१९ ही फाइल मला जास्त सोयीची वाटते, कारण त्यात करोनाचं वर्ष नाही. २०२० मध्ये पाहणीला मिळालेला प्रतिसादच इतका घसरला की ब्युरोने त्या वर्षाची फाइल ‘प्रायोगिक’ म्हणून काढली. आणि २०१५–२०१९ ची तुलना २०१८–२०२२ शी करायला जाऊ नकोस. दोन वर्षं दोन्हीकडे तीच आहेत.

जन्मस्थानाचा रकाना ‘बीपीएल’ नावाचा आहे. आपल्याकडे बीपीएल म्हटलं की रेशनकार्ड आठवतं. इथे तो ‘बर्थप्लेस’. साध्या बीपीएलमध्ये बहामा नुसता ‘वेस्ट इंडिज’मध्ये विरघळून जातो, म्हणून तपशीलवार ‘बीपीएलडी’ घे. फाइल मागवतानाच ‘सिलेक्ट केसेस’ वापरून हे तीन देश निवड. नाहीतर दीड कोटीहून जास्त ओळींची फाइल उतरेल आणि चार जीबी रॅमचा लॅपटॉप मान टाकेल. एक मेख मात्र आहे: असं निवडलंस तर फक्त ती माणसं येतात, घरातली बाकीची येत नाहीत. घराचं उत्पन्न आणि घरातली डोकी हे रकाने प्रत्येकाच्या ओळीत असतातच, पण नवरा-बायको कुठल्या देशाचे हे पाहायचं असेल तर ‘घरातल्या सगळ्यांसह’ हा पर्याय निवडावा लागतो.

फाइल उघडल्यावर आकडेमोडीआधी गाळणी लाव. अमेरिकी आईबापांच्या पोटी बहामात जन्मलेले लोक नागरिकत्वाच्या रकान्यात वेगळे दाखवलेले असतात. ते स्थलांतरित नव्हेत, काढून टाक. उत्पन्नाच्या रकान्यात ९९९९९९९ हा आकडा दिसला तर ते उत्पन्न नव्हे, ‘लागू नाही’ची खूण आहे. तो तसाच राहिला तर सरासरी उत्पन्न लाखो डॉलर येतं. पगाराच्या रकान्यात तीच खूण सहा आकडी आहे, ९९९९९९, आणि ती जास्त घातक, कारण दहा लाख डॉलर पगार खराही वाटू शकतो. दारिद्र्याच्या रकान्यात ० म्हणजे कफल्लक नव्हे, तिथेही ‘लागू नाही’च. तिथे १०० म्हणजे बरोबर दारिद्र्यरेषेवर, १०० च्या खाली गरीब, आणि ५०१ ही वरची टोपी.

आता वजनं. फायलीतली एक व्यक्ती सरासरी वीस जणांच्या वतीने बोलते, पण कुणी आठच्या तर कुणी साठच्या. परवेट (PERWT) हा वजनाचा रकाना न लावता काढलेली टक्केवारी लोकसंख्येची नसते, फक्त नमुन्याची असते. चूक किती असू शकते हे कळायला ऐंशी पर्यायी वजनं दिलेली आहेत. आर या मोफत प्रणालीतलं सर्व्हे पॅकेज ती हाताळतं. स्टाटा ही महागडी प्रणाली विकत घेण्याच्या भानगडीत पडू नकोस.

ब्युरोच्या तयार तक्त्यांत, उदाहरणार्थ देशवार जन्मस्थानाच्या बी-०५००६ मध्ये, प्रत्येक आकड्याशेजारी अधिक-उणे मर्यादा छापलेली असते. ती ९० टक्के विश्वासपातळीची असते. तिलाच प्रमाणत्रुटी (स्टँडर्ड एरर) समजणं ही इथली नेहमीची चूक. आधी १.६४५ ने भागायचं. समजुतीसाठी मनाने घेतलेले आकडे बघ: एका गटाचं मध्यक उत्पन्न ५२,००० डॉलर, अधिक-उणे ५,०००, दुसऱ्याचं ५७,०००, अधिक-उणे २,०००. प्रमाणत्रुटी अनुक्रमे सुमारे ३,०४० आणि १,२१६. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की सुमारे ३,२७४. फरक ५,००० चा, भागाकार १.५३. तो १.६४५ च्या खाली आहे, म्हणजे दुसरा गट जास्त कमावतो असं म्हणायला या पुराव्यावर आधार नाही. पाच हजार डॉलरचा फरक डोळ्यांना मोठा दिसतो, म्हणूनच हे गणित प्रबंधात दाखव. तोंडी परीक्षेत प्रश्न इथेच येईल.

घराच्या उत्पन्नावर थेट जाऊ नकोस. दोन माणसांच्या घरात ६०,००० आणि पाच माणसांच्या घरात ७०,००० येत असतील तर दुसरं घर सुखी ठरत नाही. माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायची रीत आहे: पहिल्याचे ४२,४२६, दुसऱ्याचे ३१,३०५. सोमाली घरं मोठी असतात, तिथे ही एक पायरी चित्र पालटू शकते. दुसरं म्हणजे राज्य. मायामीतलं घरभाडं आणि मिनेसोटातल्या लहान गावातलं भाडं एका मापाने मोजता येत नाही. राज्यांच्या किंमतपातळीचे निर्देशांक अमेरिकेचा ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस दरवर्षी काढतो, ते लाव. महागाईची दुरुस्ती मात्र पुन्हा करू नकोस; आयपम्सच्या पाच वर्षांच्या फायलीत रकमा आधीच शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणलेल्या असतात.

काही मुलं जन्मस्थानाऐवजी ‘वंश’ (अँसेस्ट्री, म्हणजे पूर्वज कुठले) हा रकाना घेतात, दुसरी पिढीही सापडावी म्हणून. हेतू चांगला आहे. पण तिथे ‘आफ्रिकन’ असं लिहिणाऱ्यांत ज्यांच्या कित्येक पिढ्या अमेरिकेतच झाल्या असे काळे अमेरिकन मोठ्या संख्येने असतात. बहामाच्या बाजूला उलटी गंमत. अभिनेते सिडनी पॉइटिए यांचे आईवडील बहामातल्या कॅट आयलंडचे, टोमॅटो पिकवणारे. ते मायामीला माल विकायला गेले असताना १९२७ मध्ये मुलगा तिथेच जन्मला, आणि वाढला बहामात. जन्मस्थानाच्या रकान्यात असा माणूस अमेरिकेत जन्मलेला ठरतो. मायामी आणि तिथली कोकोनट ग्रोव्ह ही वस्ती उभारण्यात बहामाच्या मजुरांचा हात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा आहे. १९४० ते ६० च्या दशकांत शेतमजूर करारावर हजारो जण गेले. त्या सगळ्यांची नातवंडं तुझ्या तुलनेत नाहीत, हे पहिल्या प्रकरणात एका परिच्छेदात सांगून मोकळी हो.

फरक सापडला तर त्याचं कारण काय, हा प्रबंधाचा गाभा. ‘आफ्रिकन लोक कष्टाळू असतात’ छापाची वाक्यं लिहिलीस तर परीक्षकांनी ती खोडावीत. देश सोडून कोण निघतो, हे आधी बघ. घानाहून अमेरिकेला जायचं तर विमानाचं तिकीट, व्हिसा, परीक्षा. शिकलेला, थोडाफार पैसा असलेलाच सहसा निघतो. बहामाहून फ्लोरिडा हाकेच्या अंतरावर आहे, देशातलं दरडोई उत्पन्नही बरं आहे, तेव्हा चाळणी वेगळी लागते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांचा १९८७ चा स्वयंनिवडीवरचा (कोण आपणहून देश सोडतो यावरचा) लेख हे समजायला वाच. त्याआधी १९७८ चा बॅरी चिस्विक यांचा आणि त्याला उत्तर देणारा बोर्हास यांचाच १९८५ चा लेख वाच: आधी आलेल्या आणि नंतर आलेल्या स्थलांतरितांच्या तुकड्या एकाच वर्षाच्या आकड्यांत मिसळल्या की ‘राहून राहून उत्पन्न वाढतं’ असा भास कसा होतो, ते त्यात आहे. तुझ्याकडे आगमनवर्षाचा रकाना आहे. दहा वर्षांहून कमी, दहा ते वीस, वीसहून जास्त असे गट पाडूनच तुलना कर.

पदवी कुठे घेतली हे पाहणीत विचारत नाहीत. पण येतानाचं वय काढता येतं. पंचविशीनंतर आलेल्याची पदवी बहुधा मायदेशातली, आणि तिथली पदवी असून टॅक्सी चालवणारे किंवा वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करणारे किती हे व्यवसायाच्या रकान्यातून दिसतं. हे प्रकरण चांगलं जमलं तर बाकी साधं असलं तरी चालेल. व्हिसाचा प्रकार, मायदेशी पाठवलेले पैसे आणि साठवलेली संपत्ती या तीन गोष्टी पाहणीत नाहीत. म्हणून मथळ्यात ‘आर्थिक सुस्थिती’ असा भारदस्त शब्द नको. जे मोजलंस त्याचंच नाव घाल. कुठल्या देशातून किती जण निर्वासित म्हणून आणि किती नात्यावर आले हे अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या वार्षिक आकडेवारीत देशवार मिळतं. पार्श्वभूमीला तेवढं पुरे.

वेळेचं म्हणशील तर पहिले तीन आठवडे फाइल आणि गाळणी, पुढचा महिना वर्णनात्मक तक्ते, त्यानंतरचा महिना प्रतिगमन (रिग्रेशन), उरलेला काळ लिखाण. तक्ते ब्युरोच्या छापील आकड्यांशी जुळल्याशिवाय प्रतिगमनाकडे वळू नकोस.

पुन्हा पालकांकडे. द्राक्षबागांचा विषय वाईट नाही. शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन शंभर प्रश्नावल्या भरता येतात. पण शंभर प्रश्नावल्यांवर वरच्यातलं फारसं काही शिकायला मिळत नाही. नोकरी देणारा बहामाबद्दल विचारणार नाही. तो विचारेल, मोठ्या पाहणीची मूळ फाइल हाताळता येते का? आपल्या सांख्यिकी मंत्रालयाच्या श्रमबल पाहणीच्या फायली अशाच फुकट मिळतात, आणि तिथेही पहिली ठेच वजनाचीच: निदान २०२०-२१ च्या फायलीत गुणक शंभरने भागायचा की दोनशेने, हे दोन उपनमुन्यांच्या रकान्यांवरून ठरतं. जुलै २०२० ते जून २०२१ च्या पाहणीत स्थलांतराचे प्रश्न होते. प्रबंध झाल्यावर सुट्टीत त्या फायलीतून महाराष्ट्रातल्या स्थलांतरितांचा एक तक्ता तिने करावा. बायोडेटासोबत दोन्ही जोडता येतील. संशोधन संस्थांतल्या साहाय्यकाच्या जागा, बँका आणि पतमापन कंपन्यांतली विश्लेषकाची कामं, सर्वेक्षण संस्था, सगळीकडे हेच बघतात.

पुढे शिकायचं असेल तर लोकसंख्याशास्त्रासाठी देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, अर्थशास्त्रातल्या पीएच.डी.साठी गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि पुण्याची गोखले संस्था, या तिन्हींच्या प्रवेशाच्या जाहिराती बघत राहा. सरकारी नोकरीच हवी असेल तर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा: वय २१ ते ३०, राखीव प्रवर्गांना सवलत, अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी, लेखी १,००० गुण आणि मुलाखत २००. जागा थोड्या असतात, म्हणून तिच्यावरच सगळं टाकू नये. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, तेव्हा सूचना निघाली की प्रबंध पूर्ण व्हायची वाट न बघता अर्ज भरून टाकावा.