कार्डात फोटो चांगला, पीसीत फाटका

प्रश्न: दादा नमस्कार, इंदूरला राजवाड्याजवळ राहतो, लग्नाचे फोटो काढायचं काम आहे. कार्डावरून पीसीत फोटो टाकले की शंभरात एखादा खालून अर्धा हिरवा नाहीतर राखाडी होतो, कार्डात मात्र तोच फोटो मस्त दिसतो. हार्ड डिस्क बदलली, फरक नाही. दुकानदार म्हणतो व्हायरस. दोन महिन्यांपूर्वी ८ जीबीची जुनी रॅम लावून १६ केली होती. काय करू?

उत्तर: आधी एक करा, कार्ड फॉरमॅट करू नका आणि बॅकअप घेणं थांबवा, कारण मला शंका त्या रॅमवरच आहे आणि रॅम खराब असेल तर बॅकअपही खराबच होणार, तोही गुपचूप. कॉपी करताना फाइल रॅममधून जाते ना, तिथं एक बिट जरी ०चा १ झाला तरी जेपेगचा, म्हणजे फोटोच्या फाइलचा, हिशोब तिथून पुढं चुकतो, म्हणून वरचा भाग शाबूत आणि खालचा हिरवा. व्हायरस असं वेचून वेचून फोटो कशाला बिघडवेल!

रॅम तपासायचं मेमटेस्ट८६प्लस फुकट मिळतं, पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून पीसी चालू करा (सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रामवरून पीसी चालू होऊ न देणारं कुलूप, आडवं आलं तर बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद करा) आणि रात्रभर चालू ठेवा. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहे पण त्याच्या नजरेतून बरंच सुटतं. लाल रंगात एक एरर जरी आली तरी फेल समजा, "एकच तर आहे" म्हणू नका. एरर आली आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडनं चालवायची सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून परत टेस्ट, कधीकधी रॅमची पट्टी बरी असते, तो स्पीड झेपत नाही. तरी एरर आली तर प्लग काढून एक-एक पट्टी त्याच स्लॉटमध्ये लावून बघा, दोन्ही पास झाल्या तर दुसरा स्लॉट तपासा. पिना खोडरबरनं पुसून बघायला हरकत नाही. आणि पास झालं म्हणजे रॅम शंभर टक्के निर्दोष असंही नाही, मे महिन्यात दुपारी गरम झाल्यावरच चुकणाऱ्या पट्ट्या मी पाहिल्यात.

रॅम बदलली की गेल्या दोन महिन्यांतले फोटो कार्डावरून परत घ्या, जुने आपोआप नीट होणार नाहीत. मग विंडोजमधल्याच सर्टयुटिल कमांडनं कार्डातल्या आणि पीसीतल्या फाइलचा हॅश (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, फाइल जरा बदलली तरी तो बदलतो) जुळवा, पण पीसी रीस्टार्ट करून, नाहीतर फाइल डिस्कवरून न वाचता रॅममधूनच वाचली जाईल.