गाण्याच्या मासिकाचं कव्हर पोरांच्या हातात कसं जातं?

अमळनेरच्या आपल्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजातली काही मुलं-मुली मिळून खानदेशात ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांवर अंक काढताहेत. अहिराणी, हिंदी-मराठी पॉप, थोडं के-पॉप म्हणजे कोरियन पॉपही. पानं २४, किंमत वीस रुपये. कव्हरवर सहा कलाकारांचे फोटो आणि नऊ ओळी मजकूर टाकला, तर मित्र म्हणाले, ही लग्नपत्रिका झाली. बाहेरची पॉप मासिकं असं काय करतात की पोरं अंक उचलतातच?

मसुदा पाहिला. मित्र बरोबर बोलले. पत्रिकेत मामा, आत्या, काका सगळ्यांची नावं यावीच लागतात, नाहीतर रुसवे. तुमच्याही कव्हरवर सहाही जणांना बरं वाटावं म्हणून सहाही जण बसवलेत. विकत घेणाऱ्याला मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही.

माझं मत आधी सांगतो. पंधरा-सोळाचं पोर पॉपचं मासिक वाचायला घेत नाही, ठेवायला घेतं. भिंतीवर लावायचं पोस्टर, वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा फोटो, पाठ करायचे गाण्याचे बोल. आत काय ठेवण्यासारखं आहे ते कव्हरने पटकन सांगायचं, एवढंच त्याचं काम. आत तसा ऐवजच नसेल तर डिझाइनर कितीही भारी लावा, उपयोग नाही.

ब्रिटनचं 'स्मॅश हिट्स' बघा. १९७८ साली निक लोगन यांनी ते सुरू केलं. हे गृहस्थ त्याआधी 'एनएमई' या संगीताच्या साप्ताहिकाचे संपादक होते, म्हणजे लांबलचक संगीतसमीक्षेचा सगळा मसाला त्यांच्या हाताशी होता. तरी नव्या मासिकात त्यांनी पुढे केले ते चालू हिट गाण्यांचे शब्द. रेडिओवर ऐकून अर्धेमुर्धे शब्द टिपणाऱ्या पोरांना पूर्ण गाणं छापील मिळालं की आणखी काय पाहिजे? सोबत रंगीत फोटो, पोस्टरं, पुढे स्टिकर-बॅजही. आपल्याकडे यात्रेत आणि स्टेशनबाहेर सिनेमाच्या गाण्यांच्या पातळ चोपड्या मिळायच्या, त्यामागची भूक हीच. १९८०च्या दशकात 'स्मॅश हिट्स'चा खप दहा लाखांच्या घरात गेला होता. २००६ मध्ये ते बंद पडलं, तोवर बोल आणि फोटो दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळू लागले होते.

मग आज काय फुकट मिळत नाही? तुमच्या बाबतीत मला उत्तर समोर दिसतंय. अहिराणी गाणी यूट्यूबवर ढिगाने आहेत, हळदीला, वरातीत डीजेवर वाजतात. पण त्यांचे बोल नीट, शुद्ध अहिराणीत छापलेले फारसे दिसत नाहीत. पुण्यात शिकायला गेलेली आपली कितीतरी पोरं त्या गाण्यांवर नाचतात आणि दोन ओळींपुढे अडखळतात. आतल्या पानांवर चार गाण्यांचे पूर्ण बोल, अवघड शब्दांच्या अर्थासकट द्या आणि कव्हरवर सगळ्यात ठळक तेच सांगा. मात्र गीतकाराची लेखी परवानगी घ्या. बोल मुळात त्याच्या मालकीचे असतात, आणि इथे सगळे एकमेकांच्या ओळखीचे असल्यामुळे न विचारता छापलं तर भांडण पहिल्याच आठवड्यात दारात येईल.

आता कव्हर दिसतं कुठे, ते बघू. डिझाइनच्या पुस्तकांत हे एका परिच्छेदात उरकतात, माझ्या मते अर्धं काम इथेच आहे. ब्रिटन-अमेरिकेतल्या दुकानांत मासिकं रॅकमध्ये एकावर एक सरकवून ठेवतात, त्यामुळे बऱ्याचदा डावीकडची उभी पट्टी तेवढी दिसते. म्हणून तिथली नावं आणि कामाच्या ओळी डावीकडे चिकटलेल्या आढळतील. अमेरिकेचं संगीताचं नियतकालिक 'रोलिंग स्टोन' कित्येक वर्षं मोठ्या आकारात निघायचं. ऑक्टोबर २००८मध्ये त्यांनी आकार इतर मासिकांएवढा केला, त्यात रॅकमध्ये नीट बसून जास्त अंक विकले जावेत हाही हिशेब होता. एवढं नाव असलेल्या मासिकालाही शेल्फपुढे नमावं लागलं.

आपल्याकडची गोष्ट निराळी. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवरचा स्टॉल आठवा. काही अंक दोरीला चिमट्याने लटकवलेले, बाकीचे फळीवर उतरंडीने लावलेले. मागच्या ओळीतल्या अंकाचा वरचा चार बोटांचा पट्टा काय तो दिसतो. तुमचा अंक स्टॉलवर जाणारच नाहीये, तो कॉलेजच्या गेटजवळ टेबलावर, सारंगखेड्याच्या यात्रेत सतरंजीवर आणि सगळ्यात जास्त व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर दिसणार. तेव्हा दोन परीक्षा घ्या. कव्हर फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढं करून बघा, काय वाचता येतं? आणि टेबलावर ठेवून दहा फुटांवर उभे राहा. तुमच्या मसुद्यात पहिल्या परीक्षेत सहा ठिपके दिसतात आणि दुसरीत पिवळा रंग. बस.

चेहरा एकच घ्या. खांद्यापासून वरचा किंवा कमरेपासून वरचा, डोळे थेट कॅमेऱ्यात. समोरचा आपल्याकडे बघतोय असं वाटलं की हात आपोआप पुढे जातो. ग्रुप असेल तर एकाला पुढे आणा, बाकीचे खांद्याला खांदा चढवून मागे. पासपोर्ट फोटोंची रांग नको. ग्रुपच्या बाबतीत पॉपवाल्यांनी एक मोठी चलाखी केली. १९९६मध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' मासिकाने स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश ग्रुपच्या पाचही जणींना टोपणनावं दिली: स्केरी, बेबी, स्पोर्टी, पॉश, जिंजर. ती जगभर चिकटली. प्रत्येक मुलीला त्या पाचांत 'आपली' एक सापडली, आणि कव्हरवरचा ग्रुप फोटो म्हणजे निवड करायचा खेळ झाला. आज के-पॉपमध्ये हेच पुढे गेलंय. एकाच अंकाची वेगवेगळ्या सदस्यांची वेगवेगळी कव्हरं निघतात आणि चाहते सगळी गोळा करतात. २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने बीटीएस या कोरियन ग्रुपला कव्हरवर घेतलं तेव्हाही ग्रुपच्या कव्हरसोबत एकेकाची स्वतंत्र डिजिटल कव्हरं होतीच. तुम्हाला सहा जणांना खूश ठेवायचंच असेल तर हा मार्ग आहे: छापील कव्हरवर एक, आणि बाकी पाच जणांची स्टेटससाठी पाच कव्हरं. खर्च शून्य, आणि ते पाच जण स्वतःच फिरवतील.

कुणीतरी 'शब्दच नकोत, नुसता फोटो टाका' असा सल्ला दिलाय. त्यांच्या डोक्यात बहुधा २२ जानेवारी १९८१चं 'रोलिंग स्टोन' असावं. बीटल्सचा जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनो, छायाचित्रकार अ‍ॅनी लीबोविट्झने टिपलेले, मासिकाच्या नावापलीकडे मथळा नाही. पण तो फोटो ८ डिसेंबर १९८०चा, लेननचा खून झाला त्याच दिवशी काही तास आधी काढलेला. सगळ्या जगाला बातमी माहीत होती, शब्द लिहून आणखी काय सांगणार? तुमचा गायक धरणगावात नावाजलेला असला तरी नवापुरात ओळख सांगावी लागणार. शब्द ठेवा. नऊ नकोत, एक मोठी ओळ आणि दोन-तीन छोट्या.

त्या ओळींची भाषा हा खरा दुखरा भाग. 'सुप्रसिद्ध गायकांशी दिलखुलास बातचीत' ही ओळ सोळाच्या पोराला शाळेच्या नोटीस बोर्डासारखी वाटते. पॉप मासिकं वाचकाशी वर्गमित्रासारखी बोलतात. टोमणा मारतात, प्रश्न विचारतात, गुपित फोडल्याचा आव आणतात. मुलाखतीत गायक जे खरोखर बोलला त्यातलं सर्वांत चटकन लागणारं वाक्य उचला आणि तसंच्या तसं अवतरणात टाका, अहिराणीत बोलला असेल तर अहिराणीतच. 'तुनं गानं कोनतं?' एवढी ओळ मोठ्या अक्षरात असली तरी पाचोऱ्याचं पोर थांबेल. त्याच्या घरातली बोली छापील कव्हरवर त्याला एरवी दिसते कुठे? उद्गारचिन्हं मात्र आवरा, मसुद्यात मला मोजता येईनात.

आता अंकाचं नाव, म्हणजे मास्टहेड. इथे परदेशी नक्कल सरळ फसते. रोमन लिपीत डोकं नावावर चढवलं, दोन अक्षरं अर्धी झाकली, तरी ओळखू येतात. 'केरँग!' या १९८१ पासूनच्या रॉक मासिकाची तडकलेल्या काचेसारखी अक्षरं निम्मी झाकली तरी चाहत्याला पुरतात. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा असतात. तुमच्या अंकाचं नाव 'मेळा', आणि गायकाचे केस नेमके पहिल्या अक्षरावर आलेत. मात्रा झाकली गेली, उरला 'मळा'. शेतीचा अंक समजून लोक कांद्याचा भाव विचारतील. डोकं 'ळा'च्या काना-दांडीवर आणा किंवा नावाच्या खालीच थांबवा. आणि नावाला चढवलेली ती सावली, सोनेरी कड, आतली चमक, तिन्ही काढा. जाड, सपाट अक्षर पुरे.

मराठीत चेहऱ्याच्या कव्हरची परंपरा दांडगी आहे, ती विसरू नका. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांवरची चित्रं बघा. एक चेहरा, एक नजर. आणि 'आवाज' या दिवाळी अंकाची खिडकी! वरच्या पानाला कापलेल्या चौकटीतून एक दिसायचं, पान उलटलं की भलतंच. हात लावायला भाग पाडणारं याहून हुशार कव्हर मी तरी पॉप मासिकांत पाहिलं नाही. डाय-कटिंगला, म्हणजे साच्याने कागद कापून घ्यायला, पैसे पडतात, पण तीनशे प्रतींना कटर घेऊन मित्रमंडळी बसली तर एका रात्रीत होईल.

फोटो स्वतः काढा. नेटवरून उचललेला छोटा फोटो छापला की फुटतो, आणि तो कुणाच्या तरी मालकीचा असतोच. प्रकाश कसा टाकायचा हे शिकायला चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या संग्रहालयात एक दुपार घालवा. या माणसाने स्टेशनजवळच्या त्या बंगल्यात बसून आयुष्यभर जे पोर्ट्रेट आणि टेबल-टॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेले) फोटो केले, त्यात एका बाजूने आलेला उजेड चेहऱ्यावर काय करतो ते बघून या. भर उन्हात टोपी-गॉगलवाला फोटो नको. आणि फोटोशॉपमध्ये गायकाला गोरा करू नका. उन्हातान्हात वावरणारं पोरगं आपल्यासारखाच रंग कव्हरवर बघतं तेव्हा ते जवळ येतं. पांढराफटक केलेला चेहरा छपाईत वर गुलाबीही दिसतो, तो वेगळाच ताप.

रंगाचं थोडक्यात: तीनच. यूट्यूबच्या थंबनेलवरचं पिवळं अक्षर आणि काळी कड ही सवय सोडा, कारण पोरांनी ते रोज शंभरदा पाहिलंय आणि डोळा आता त्यावरून घसरतो. स्क्रीनवरचा निऑन हिरवा किंवा गुलाबी ऑफसेट छपाईच्या चार शाईंत येत नाही, मळका पडतो. फाइल आधीच सीएमवायकेत, म्हणजे या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलून बघा. नंतर प्रेसवाल्याशी वाद घालून काही होत नाही.

आणि 'असले अंक मुंबईतच चालतात' हा तुमच्या ग्रुपमधला सूर मनावर घेऊ नका. 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे रॉक संगीताचं मासिक १९९३ साली अलाहाबादहून निघालं होतं. तुमच्या अमळनेरात तर साने गुरुजींनी १९२८ मध्ये मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक काढलं.

कव्हरला १७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) गुळगुळीत आर्ट पेपर पुरे, आत ७० जीएसएमचा साधा मॅपलिथो कागद, मध्ये दोन पिना. पोस्टर मधल्या जोडपानावरच घ्या, म्हणजे पिना उचकटून अख्खं निघतं. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, सोडा. किंमत वर कोपऱ्यात मोठी छापा, वीस रुपये ही लपवायची नाही, मिरवायची गोष्ट आहे. मागचं कव्हर जाहिरातीला विकणार असाल तर विका, पण पुढच्यावर कुठल्याही सराफाचा किंवा क्लासचा लोगो येऊ देऊ नका, तो कितीही पैसे देवो. आणि प्रेसवाल्याला बजावून सांगा की त्याच्या प्रेसचं नाव आणि मोबाइल नंबर आतल्या पानावर. न सांगितलं तर तो हमखास गायकाच्या हनुवटीखाली टाकतो.