सोलापुरातून मुलगा बर्लिनला शिकायला चाललाय. तिथला भाड्याच्या घराचा एजंट म्हणतोय, माझी फी आणि घराचं तीन महिन्यांचं डिपॉझिट आधीच पाठवा. पाठवू का?

नाही, आत्ता एक रुपयाही पाठवू नका. जर्मनीत जून 2015 पासून नियम असा आहे की एजंट ज्याने नेमला, त्यानेच त्याची फी द्यायची. घरमालकाने नेमला असेल तर मालकाने. आपल्या विजापूर रोडला एजंट दोन्हीकडून कमिशन घेतो, तसं तिथे चालत नाही. डिपॉझिट तीन महिन्यांपर्यंत मागता येतं, पण ते मूळ भाड्यावर. हीटिंग, पाणी वगैरेचा आकार त्यात धरायचा नाही. शिवाय तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम 551 प्रमाणे ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. म्हणजे मूळ भाडं 600 युरो असेल तर जास्तीत जास्त 1800, आणि त्यातले पहिले 600 भाडेकरार सुरू होताना. माझा भाचा तिकडे राहतो, त्याचा करार लावून देताना हे सगळं तपासलं होतं.

एक अपवाद आहे: तुम्ही स्वतः एजंटला लेखी (ईमेलही चालतो) काम दिलं आणि त्याने खास तुमच्यासाठीच घर शोधलं, तर तो दोन महिन्यांचं मूळ भाडं अधिक कर एवढी फी कायद्याने घेऊ शकतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय कबूल केलंय ते आधी बघा.

घर न दाखवता ‘चावी कुरियरने पाठवतो’ म्हणाला तर सरळ ब्लॉक करा. चावी घेताना भिंती, बाथरूम, मीटरचे आकडे यांची लेखी नोंद मालकाच्या सहीसह घ्यायला मुलाला सांगा. डिपॉझिट परत घेताना भांडण होतं ते यावरूनच.