स्क्वायरची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) इलेक्ट्रिक गिटार घ्यावी, की पैसे साठवून फेंडरची?

भाऊ, जळगावात राहून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं आहे म्हणता, तर स्क्वायरच घ्या. हा फेंडरचाच ब्रँड. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरचा आकार आणि साडेपंचवीस इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी) दोन्हींत तीच. फरक पडतो पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबक), ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या), ब्रिज (खालच्या बाजूला तारा टेकतात तो भाग) आणि फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांच्या कामात.

फ्रेटचं मात्र आपल्या खान्देशात नीट बघाच. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, हवा कोरडीठाक, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. स्वस्त गिटारची टोकं बऱ्याचदा नीट घासलेली नसतात, म्हणून तिथे त्रास जास्त. पावसाळ्यात नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, बाक बदलतो, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवायची सळई) फिरवावा लागतो. हे फेंडरलाही चुकत नाही. म्हणून वाचलेल्या पैशांतून चांगल्या कारागिराकडून फ्रेट घासून घ्या, नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बदला, पूर्ण सेटअप (तारांची उंची, सूर वगैरेंची जुळवणी) करा. पिकअप पुढेही बदलता येतील.

स्ट्रॅटऐवजी गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार हवी असेल तर गिब्सनच्याच एपिफोन ब्रँडची बघा. गिब्सनच्या लाकडावरचं नायट्रो लॅकर (एक प्रकारचं पॉलिश) नाजूक असतं, एपिफोनचं पॉली फिनिश दणकट. आणि कोणतीही घ्या, दुपारच्या उन्हात बंद टेम्पोत ठेवू नका.