डेटा ‘जोडला’, ‘दुवा दिला’ की ‘संदर्भ दिला’?

प्रश्न असा आहे: एक्सएमएलवर (डेटा खुणांच्या चौकटीत लिहायच्या पद्धतीवर) चालणाऱ्या एका वेब ॲप्लिकेशनची माहितीपुस्तिका मराठीत लिहायची आहे. ग्राहकांची फाइल वेगळी, ऑर्डरींची वेगळी, आणि ऑर्डरीवरून तिच्या ग्राहकापर्यंत पोहोचता येतं. मसुद्यात वाक्य आहे, ‘संबंधित डेटा स्रोत जोडले आहेत.’ ते चालेल का? नसेल तर ‘जोडणे’, ‘दुवा’, ‘संदर्भ’ यांतलं काय कुठे घ्यावं?

व्याकरणात वाक्याला नाव ठेवायला जागा नाही. पण त्यातला जवळपास प्रत्येक शब्द वाचणाऱ्याला भलतीकडे नेतो.

‘संबंधित’पासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत निरुपद्रवी दिसतो. ‘संबंधित अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा’ हे वाक्य आपण इतकं वाचलंय, की ‘संबंधित’ म्हटलं की ‘ज्याचा विषय चालू आहे तो’ असाच अर्थ आधी लागतो. मग ‘संबंधित डेटा’ म्हणजे आत्ता ज्याबद्दल बोलत होतो तो डेटा की त्याच्याशी नातं असलेला दुसरा डेटा, हे कळेनासं होतं. ‘निगडित’ घ्या. त्याला ‘कशाशी’ हे लागतंच, त्यामुळे लिहिणाऱ्याला दुसरं टोक सांगावंच लागतं: ग्राहकाशी निगडित ऑर्डरी.

‘स्रोत’ म्हणजे उगम, माहिती जिथून येते ते ठिकाण. वेबवर रिसोर्स म्हणजे स्वतःचा पत्ता असू शकेल अशी कुठलीही गोष्ट: फाइल, चित्र, फाइलमधली एखादी नोंदसुद्धा. ‘संसाधन’ या शब्दाला वापरून संपणाऱ्या सामग्रीचा वास आहे. मी सरळ ‘रिसोर्स’ लिहीन.

आता ‘जोडणे’. मेलला फाइल जोडतात, सर्व्हर डेटाबेसला जोडतात, दोन टेबलं जोडून एक निकाल काढतात. ही क्रिया वाचली की वाटतं, दोन्हीकडचा मजकूर एकत्र आला. तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये तसं काही होत नाही. ग्राहकाचा डेटा त्याच्या जागीच राहतो, ऑर्डरीत फक्त तो कुठे आहे हे लिहिलेलं असतं. मजकूर खरोखर आत येतो तो एक्सइन्क्लूड (एका फाइलमध्ये दुसरीचा मजकूर आणून बसवायची सोय) वापरल्यावर, आणि त्याला ‘समावेश’ हा नेमका शब्द आहे.

राहिले ‘दुवा’ आणि ‘संदर्भ’. इथे एक्सएमएलनेच आपलं काम सोपं केलंय, कारण त्यात या दोन वेगळ्या सोयी आहेत. एकाच डॉक्युमेंटमधल्या नोंदींसाठी डीटीडीमध्ये (डॉक्युमेंटच्या रचनेचे नियम लिहितात तिथे) आयडी, म्हणजे नोंदीची ओळख, आणि आयडीरेफ, म्हणजे त्या ओळखीकडे दाखवलेलं बोट, हे ॲट्रिब्यूटचे (नोंदीत नाव="किंमत" असं लिहितात त्याचे) प्रकार मिळतात. एक्सएमएलमध्ये नावं देवनागरीत देता येतात, म्हणून उदाहरणही तसंच घेऊ. ग्राहकाच्या नोंदीत क्रमांक="ग१०७" आणि ऑर्डरीत ग्राहक="ग१०७". (नुसतं "107" चालत नाही, आयडीची सुरुवात 0 ते 9 या इंग्रजी अंकांनी करता येत नाही.) पुस्तकातल्या ‘पाहा, प्रकरण ४’सारखंच हे आहे. याला ‘संदर्भ’ म्हणा.

पण ग्राहक दुसऱ्या फाइलमध्ये असेल, तर आयडीरेफ तिथवर पोहोचत नाही. तिथे पत्ता द्यावा लागतो, बहुधा एचरेफ (href) या ॲट्रिब्यूटमध्ये. हा ‘दुवा’. मला हा शब्द फार आवडतो, आणि त्याला कारण आहे. २००१ साली आलेल्या एक्सलिंकमध्ये (एक्सएमएलमधल्या दुव्यांच्या मानकामध्ये) साध्या प्रकाराबरोबर ‘एक्स्टेंडेड’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात दोन रिसोर्सचं नातं तिसऱ्याच फाइलमध्ये लिहून ठेवता येतं. ज्यांचं नातं आहे त्या दोन्ही फाइलींना हातही लावावा लागत नाही. मराठीत आपण म्हणतो, ‘दोन घराण्यांमधला दुवा’. तोही दोन्हींपासून वेगळा असतो आणि दोन्हींना सांधतो. ‘संदर्भ’मध्ये ही छटा नाही, ‘जोडणी’त तर नाहीच.

क्रियापदही जपून निवडा. ‘दुवा देणे’ म्हणजे आशीर्वाद देणे हा अर्थ जुना असला, तरी ‘खाली दुवा दिला आहे’ आता रुळलंय. एका बाजूने दुसरीकडे जाण्यापुरतं ते ठीक. दोन्हीकडून ये-जा होत असेल तर ‘दुवा सांधला’ लिहा. आणि दुव्याला ‘रेल’ (rel) ॲट्रिब्यूट असेल, जसं ॲटम फीडमध्ये (संकेतस्थळावरच्या नव्या मजकुराची यादी देणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये) असतं, तर त्याला ‘नातं’ किंवा ‘संबंध’ म्हणा. दुवा कुठे नेतो ते एचरेफ सांगतं, का नेतो ते रेल सांगतं.

म्हणजे तुमचं वाक्य असं होईल: ‘प्रत्येक ऑर्डरीत तिच्या ग्राहकाच्या रिसोर्सचा दुवा दिला आहे.’

हाच फरक चुकांच्या संदेशांतही पाळा. आयडीरेफला जुळणारा आयडी नसेल तर डीटीडीनुसार तपासणी करतानाच चूक सापडते. तिथे ‘संदर्भ जुळत नाही’ लिहा. एचरेफमधला पत्ता चुकला असेल तर पार्सर (एक्सएमएल फाइल वाचणारा प्रोग्रॅम) काहीच बोलत नाही, रिसोर्स मागवायला गेल्यावरच ते उघड होतं. तिथे ‘दुवा तुटलेला आहे’ लिहा, म्हणजे वाचणारा फाइल तपासत न बसता थेट पत्ता तपासेल.