फायब्रोमायल्जियात वजनं उचलावीत का?

ताई, घराजवळच्या जिममध्ये ट्रेनरने पहिल्याच दिवशी सगळ्या मशीनवर फिरवलं आणि पुढचे चार दिवस अंथरूण सुटलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टर म्हणतात व्यायाम कर, सासूबाई म्हणतात आराम कर, ऐकायचं कुणाचं?

डॉक्टरांचं. मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे सगळं अंग दीर्घकाळ दुखत राहण्याचा आणि थकव्याचा हा आजार, बरीच वर्षं आहे आणि वजनांचा व्यायाम मी सोडलेला नाही. पण तुम्हाला ज्या पद्धतीने सुरू करायला लावलं, ती आपल्यासाठी नाही.

या आजारात स्नायू फाटलेला किंवा सुजलेला नसतो. वेदनेचा संदेशच मज्जासंस्थेत मोठा होतो. इतरांना व्यायामानंतर काही वेळ दुखणं कमी जाणवतं. आपल्यापैकी अनेकींना तेवढा आराम मिळत नाही, उलट ठणक वाढते. तुमचे ते चार दिवस भयंकर गेले असणार, पण म्हणून शरीराची हानी झाली असं समजू नका.

स्वीडनमध्ये १३० बायकांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, १५ आठवडे. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ४० टक्क्यांपासून सुरुवात आणि हळूहळू ८० टक्क्यांपर्यंत. शिथिलीकरण, म्हणजे अंग सैल सोडण्याचा सराव, करणाऱ्या गटापेक्षा या बायकांची ताकद वाढली, वेदनाही कमी झाली. यातलं ८० टक्के मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला कायम अर्ध्या किलोच्या डंबेल्सवरच ठेवलं जातं, त्याची गरज नाही. जड उचलता येतं, फक्त तिथे पोचायला वेळ द्यावा लागतो. आणि पुढे व्यायाम सुटला की मिळालेला फायदाही ओसरतो.

सध्या जिम राहू द्या. घरीच खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकवून दंड, आणि पाण्याची एक लिटरची बाटली, म्हणजे साधारण एक किलो. प्रत्येकी एकच फेरी, अजून करता आलं असतं असं वाटतानाच थांबायचं. मग दोन दिवस बघायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं असेल तर प्रमाण बरोबर, नसेल तर पुढच्या वेळी निम्मं. दोन आठवडे असं नीट गेलं की एकच गोष्ट वाढवा: वजन किंवा किती वेळा करायचं तो आकडा, दोन्ही नाही.

सगळ्यात जपायचं ते बरं वाटणाऱ्या दिवशी. त्या दिवशी आपण राहिलेली सगळी कामं काढतो, वर व्यायामही दुप्पट करतो आणि मग आठवडा जातो. ठरलं तेवढंच करा. वाईट दिवशी पूर्ण सोडू नका, थोडं तरी करा.

ट्रेनर वजन खाली आणताना मुद्दाम सावकाश आणायला लावतात, ते सुरुवातीला टाळा; दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्यानेच जास्त वाढतं. बोटं दुखत असतील तर मनगटाला बांधायची वजनं घ्या.

आपल्या नागपूरचा उन्हाळा यात धरावाच लागतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, रात्रीची झोप होत नाही आणि झोप बिघडली की दुखणं वाढतं, तेव्हा त्या दिवसांत वाढवायचं नाही, आहे ते टिकवायचं. कूलरमध्ये पाण्याच्या बादल्या ओतल्या असतील तर त्या दिवशी हातांचा व्यायाम झाला असंच समजा. सकाळ बरी, पण रात्री प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही दुखण्यावरची औषधं घेत असाल तर उठल्यावर गुंगी असते. तासभर जाऊ द्या.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, थकवा त्यांच्यामुळेही असू शकतो. सांधा सुजला, हातपाय बधिर झाले किंवा छातीत दुखलं तर थांबून आधी डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. त्या काळजीपोटीच म्हणतात, आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना जास्त पटेल. तुमची औषधं कोणती आणि हात जास्त दुखतात की पाय, ते लिहा; म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत काय करायचं ते आपण ठरवू.