दगड, चुना आणि एकच मालक: लेकॉक गावाबद्दल वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात लेकॉक नावाचं छोटं गाव आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच याच गावाबद्दल किंवा त्याच्यासारख्या जुन्या गावांबद्दल होती. त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न: मुलगी रेडिंगला असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. एक दिवस लेकॉकला काढायचा विचार आहे. नुसते फोटो काढून परत येऊ नये म्हणून नेमकं काय पाहावं? (पुणे)

रेडिंगहून ब्रिस्टलकडे जाणारी गाडी धरा आणि चिपनमला उतरा. तिथून लेकॉक दक्षिणेला साधारण पाच किलोमीटर. बस आहे, पण रविवारी जाणार असाल तर वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा, नाहीतर टॅक्सी करावी लागेल.

गाव म्हणजे चौकटीसारखे मांडलेले चार रस्ते: हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट. पूर्ण फेरी वीस मिनिटांत होते, म्हणून बहुतेक पाहुणे अर्ध्या तासात आइस्क्रीमच्या रांगेत दिसतात. तुम्ही तीन-चार तास ठेवा. शक्यतो सकाळी दहाच्या आत पोचा. अकरा ते तीन गर्दीची वेळ.

हाय स्ट्रीट बाकीच्या तिघांपेक्षा रुंद आहे, कारण बाजार तिथे भरायचा. ईस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चौदाव्या शतकातलं मठाचं कोठार आहे. कुळं आपलं देणं धान्य, कातडी, लोकर अशा मालात इथे आणून टाकत. त्याला लागूनच घुमटाचं छप्पर असलेली एक बिनखिडकीची कोठडी दिसेल. दारू पिऊन दंगा करणाऱ्याला तिथे रात्रभर डांबत. तिला ‘आंधळं घर’ म्हणतात. चर्च स्ट्रीटवर एका घराच्या बाजूच्या भिंतीत ओकच्या दोन बाकदार तुळया कमानीसारख्या एकमेकींना टेकलेल्या आहेत. बाक असलेलं खोड उभं चिरलं की अशी जुळी जोडी मिळते. छपराचा भार ती थेट जमिनीत नेते, भिंत नुसती आडोसा म्हणून. याच भागात ओढ्यावर मालवाहू घोड्यांसाठी बांधलेला अरुंद दगडी पूल आहे, तोही चुकवू नका.

जॉर्ज इन हे पथिकगृह १३६१ पासूनचं सांगितलं जातं. त्याच्या चुलाण्याशेजारचं लाकडी चाक अवश्य पाहा. त्यात कुत्रा पळवून मांस भाजायची सळई फिरवत असत. जेवायचं असेल तर लक्षात ठेवा, गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं ते सहाच्या सुमाराला उघडतं. चारला भूक लागली तर चहा आणि केक एवढ्यावरच भागवावं लागतं.

मठासाठी, म्हणजे लेकॉक ॲबीसाठी, तिकीट आहे. गावात फिरायला नाही. मठाच्या दक्षिणेकडच्या दालनातली जाळीदार खिडकी ही तुमच्या फोटोंची पणजी. ऑगस्ट १८३५ मध्ये मठाचे तेव्हाचे मालक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी याच खिडकीची छबी कागदावर उतरवली. टिकून राहिलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती. भिंग लावलं तर काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता येत, अशी नोंद त्यांनीच तिच्याशेजारी करून ठेवली. मूळ निगेटिव्ह मात्र ब्रॅडफर्डच्या संग्रहालयात आहे. टॅल्बट आपले छोटे लाकडी कॅमेरे घरभर ठेवून देत, आणि त्यांच्या पत्नी त्यांना ‘उंदराचे सापळे’ म्हणत.

एक विनंती: घरांत माणसं राहतात. खिडकीला नाक लावून आत डोकावू नका.

प्रश्न: मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. लेकॉकच्या फोटोंत विजेच्या तारा नाहीत, छपरांवर अँटेना नाहीत. गाव इतकं जुनं कसं राहिलं? कायद्यामुळे? (नाशिक)

कायदा फार उशिरा आला. मुख्य कारण मालकी. १२३२ साली सॉल्झबरीची काउंटेस एला हिने इथे जोगिणींचा मठ स्थापला, आणि पुढे गाव मठाचंच झालं. आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले तेव्हा, १५३९ मध्ये, हाही गेला. विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेतला, मठाचं चर्च पाडलं आणि बाकीच्या इमारतीचं घर केलं. हाच गृहस्थ पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीतल्या अफरातफरीत सापडला आणि माफी मिळवून सुटलाही. त्याच्यानंतर इस्टेट टॅल्बट घराण्याकडे आली. १९४४ मध्ये मॅटिल्डा टॅल्बट यांनी मठ आणि गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. थोडक्यात, सातशे वर्षं घरं बहुतांशी एकाच धन्याची आणि राहणारे भाडेकरू. भाडेकरू पदरचे पैसे घालून घर पाडून नवं बांधत नाही.

दुसरं कारण ओहोटीचं. गाव लोकरीवर आणि कापडावर उभं राहिलं. यंत्रं आली तेव्हा गिरण्या ट्रोब्रिजसारख्या गावांत वाढल्या. बाथकडचा मोठा रस्ता आणि १८४१ साली रेल्वे, दोन्ही चिपनमवरून गेली. लेकॉकमध्ये नवं बांधायला कुणाकडे पैसा नव्हता आणि कारणही नव्हतं. आज ज्याला आपण जपणूक म्हणतो, त्यातला निम्मा भाग गरिबीचा आहे.

तारा मात्र ठरवून जमिनीखाली घातल्या. घरमालक एकच असल्यामुळे ते जमलं. पन्नास मालकांच्या गावात असा निर्णय होता होत नाही.

‘गाव जसंच्या तसं राहिलं’ या वाक्यावर फार विसंबू नका. रेड लायन या पबचा दर्शनी भाग अठराव्या शतकातल्या धाटणीच्या लाल विटांचा आहे. अशा गावांत जुन्या लाकडी सांगाड्यावर नवा चेहरा चढवलेली घरं नेहमी सापडतात. ओळखायचं असेल तर समोरून पाहूच नका, बाजूला जा. छपराचा उतार जास्त तीव्र असेल, वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला असेल, धुराडं घराच्या मधोमध असेल, तर आतलं घर चेहऱ्यापेक्षा जुनं असण्याचा संभव मोठा. दगडी उभ्या दांड्यांची खिडकी साधारण आधीची, वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी नंतरची. बुजवलेली खिडकी दिसली की वाटाडे लगेच १६९६ ते १८५१ या काळातल्या खिडकीपट्टीचं, म्हणजे खिडक्यांच्या संख्येवर बसणाऱ्या कराचं नाव घेतात. काही ठिकाणी ते खरं असतं, पण कित्येक आंधळ्या खिडक्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून मुळातच तशा बांधलेल्या असतात. बुजवलेल्या भागाचे दगड आणि सांधे आजूबाजूच्या भिंतीशी जुळतात का, ते पाहिलं की उलगडा होतो.

प्रश्न: आमच्या काळ्या दगडाच्या वाड्याला गवंड्याने सिमेंटने दर्जा (दगडांमधले सांधे) भरल्या आणि दोन पावसाळ्यांत आतून ओल आली. इंग्लंडमधली पाचशे वर्षांची दगडी घरं ओली कशी होत नाहीत? (वाई)

होतात की! फरक इतकाच, की ती वाळतात. तिकडची जुनी भिंत म्हणजे आत-बाहेर दगडाच्या दोन फळ्या आणि मध्ये खडी-मातीची भर. पायाशी ओल अडवणारा थर नसतो. पाणी जमिनीतून चढतं, पावसानेही शिरतं, आणि चुन्याच्या सांध्यांतून वाफ होऊन निघून जातं. सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असायला हवा. झीज व्हायची ती सांध्याची, कारण तो पुन्हा भरता येतो.

सिमेंट भरलं की ही वाट बंद होते. पाणी दगडातूनच बाहेर पडायला लागतं, क्षार तोंडाशी येऊन त्यांचे स्फटिक होतात, हिवाळ्यात त्या पाण्याचा बर्फ होतो, आणि चुनखडीच्या दगडाचे पापुद्रे सुटतात. दगड आत गेलेला आणि सिमेंटचा सांधा बरगडीसारखा पुढे आलेला दिसला की समजा, दुरुस्तीनेच घर खाल्लं. तुमच्याकडे बर्फ नाही. पण काळा दगड पाणी फारसं पीत नाही, म्हणजे ओलीला बाहेर पडायला सांध्याखेरीज वाटच नाही. तीच बुजवली, तर ओल घराच्या आत येणार आणि गिलाव्याला लोणा लागणार.

तिकडची पद्धत अशी. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल, निदान २५ मिलिमीटर, हातोडी-छिन्नीने मोकळा करायचा. ग्राइंडर लावायचा नाही, तो दगडाच्या कडा कापतो. सिमेंट काढताना दगडाची कड तुटत असेल, तर तेवढा भाग तसाच सोडायचा. सैल झालेला चुरा ब्रशने काढून सांधा पाण्याने भिजवायचा. एक भाग मुरवलेला चुना आणि अडीच ते तीन भाग स्वच्छ, टोकदार कणांची रेती. मिश्रण घट्ट हवं. पातळ केलं तर वाळताना आकसतं आणि तडे जातात. सांधा दाबून भरायचा, किंचित आत ठेवायचा, आणि अंगठा रुतेनासा झाला की कडक केसांच्या ब्रशने ठोकायचा. त्याने वरची साय मोडते आणि बारीक भेगा मिटतात. मग ओलं गोणपाट. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही.

इंग्लंडमध्ये तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर हे काम करत नाहीत, म्हणून हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. तुमचा शत्रू ऊन. पावसाळा संपल्यावर सुरू करा, भिंत सावलीत असताना भरा, आणि गोणपाट आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा भिजवा. भरण्याआधी बाहेरची जमीन मात्र तपासा. वर्षानुवर्षं माती आणि फरशा चढून ती आतल्या जोत्यापेक्षा उंच झाली असेल, तर कितीही चुना भरा, ओल थांबणार नाही. आधी ती वीतभर खाली घ्या. आतून प्लास्टिक पेंट असेल तर तो खरवडा आणि दुधासारख्या पातळ चुन्याचे चार-पाच हात द्या.

छपराबद्दलही तुम्ही विचारलं आहे. कॉट्सवोल्ड भागात कौलांऐवजी चुनखडीच्या पातळ फरश्या असतात. वळचणीला सर्वांत मोठ्या, आणि आढ्याकडे जावं तसतशा लहान. खाणीतून निघणारा लहान-मोठा सगळा माल त्यात खपतो, आणि सर्वांत जास्त पाणी वाहतं तिथे सांधे कमी येतात. स्टोन्सफील्ड गावात हा दगड हिवाळाभर ओला ठेवून गोठू देत. बर्फानेच त्याचे थर सुटत. कोरड्या पडलेल्या दगडाचे थर पुढे सुटत नसत. फरशी ओकच्या खुंटीवर टांगलेली असते. शतकभराने कुजते ती खुंटी, फरशी नाही. म्हणून घसरलेल्या फरश्या फेकत नाहीत, खुंट्या बदलून त्याच पुन्हा चढवतात.

प्रश्न: आम्ही मूळचे पेडण्याचे, आता स्विंडनला असतो. आमच्यासारखी गोव्याची बरीच कुटुंबं इथे आहेत. जवळच्या एखाद्या गावात जुनं दगडी घर घ्यायचं मनात आहे. काय तपासावं?

लेकॉकमध्ये फारसं काही विकत मिळणार नाही, तिथे ट्रस्टची भाड्याची घरं. आजूबाजूच्या गावांत मात्र मिळतं.

पहिलं काम: जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेच्या यादीत घर संरक्षित आहे का, ते ऑनलाइन पाहा. फुकट आहे. संरक्षित इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सर्वांत खालच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत असतात, पण त्यामुळे सवलत मिळते असं समजू नका. संरक्षण आतल्या भागालाही असतं: जिना, तुळया, पडभिंत, सगळ्याला. अंगणातली १ जुलै १९४८ पूर्वीची कोठी किंवा कुंपणाची भिंतसुद्धा त्यात येऊ शकते. लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची दुहेरी काच बसवायला परवानगी लागते आणि ती बहुधा मिळत नाही. परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही. निर्णयाची मुदत आठ आठवडे. परवानगीवाचून काम करणं हा गुन्हा आहे.

खरी मेख पुढे आहे. आधीच्या मालकाने चोरून खिडक्या बदलल्या असतील, तर खटला त्याच्यावर होईल, पण पूर्ववत करायची नोटीस तुमच्या नावाने येईल, आणि तिला कालमर्यादा नाही. म्हणून वकिलाला प्रत्येक बदलाची परवानगी कागदावर मागायला लावा. घराचा सर्व्हे तिसऱ्या, म्हणजे सर्वांत सविस्तर पातळीचा करा, तोही चुन्याची घरं कळणाऱ्या माणसाकडून. नाहीतर तो ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावेल आणि रसायनं टोचायला सांगेल.

सांडपाण्याची टाकी असेल तर ते पाणी कुठे जातं ते विचारा. थेट ओढ्यात सोडणाऱ्या टाक्या १ जानेवारी २०२० पासून चालत नाहीत. असा निचरा बदलायला काही हजार पौंड लागतात, ते किमतीतून वजा करून मागा. गवती छप्पर असेल तर विमा आधी विचारा, किंमत नंतर. आणि हो, काही घरांवर गावच्या चर्चचा गाभारा दुरुस्त करायचं मध्ययुगीन ओझं अजूनही असतं. वकील ते शोधून देतो, नाहीतर किरकोळ हप्त्यात विमा मिळतो.

प्रश्न: गावाबाहेर शेतांतून चालायला परवानगी लागते का? (कोल्हापूर)

नाही, पण वाट ठरलेली असावी लागते. खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाण्याची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. लेकॉकहून शेजारच्या रेब्रिज वस्तीकडे कुरणांतून जाणारी छोटी वाट घरच्या कुणालाही झेपेल. वाट उभ्या पिकातून जात असली तरी तिथूनच जा, एकामागून एक. फाटक जसं दिसलं तसं ठेवा: लावलेलं असेल तर लावा, उघडं असेल तर उघडंच. गुरं पाण्यावर जावीत म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. वासरांसकट गाई असतील तर मधून न जाता लांबून वळसा घ्या. कुत्रा बरोबर असेल तर दोरीने धरा, मात्र गाई अंगावर आल्याच तर दोरी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, आणि तो तुमच्यापेक्षा वेगाने पळतो. मे महिन्यातही बूट पाण्यात न भिजणारे हवेत. एव्हन नदीकाठची ही कुरणं पावसानंतर दिवसचे दिवस चिखलाळ राहतात.